उसने हात

पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा शालनजवळ एकच शब्द उरला होता, 'कांडी'. पाणी पाहिजे असलं तरी कांडी, पंखा बंद करायचा असला तरी कांडी, माझा राग आला तरी कांडी. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला, त्यात उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं; अशा पेशंटकडं कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. तोच का राहिला हे त्यांना सांगता आलं नाही. मला माहीत होतं. इचलकरंजीत आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. ती कांड्या भरायची, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. मी जॉबर होतो, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. कांडीला उशीर झाला की मी ओरडायचो, "कांडी!" ती तिकडून माझी नक्कल करत ओरडायची, "कांडी!" लग्न त्यातूनच ठरलं. धोट्याचे माग भंगारात जाऊन आता पंधरा वर्षं झाली, पण तो शब्द तिच्या डोक्यात कुठंतरी टिकून होता.

मिरजेच्या दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी सिस्टर नसीम मुजावर आमच्या खाटेजवळ आल्या. पेशंटला घरी पाठवायची जबाबदारी त्यांच्याकडं होती. वय चाळीसच्या पुढं, बोलणं खडखडीत.

"मामा, हात बघू," त्या म्हणाल्या. मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी उलटेपालटे करून बघितले. "हे हात हायत का पाने?"

"चाळीस वर्षं पानेच धरलेत, सिस्टर."

"आता मामींना धरायचं. जरा हलक्यानं."

शालन उशीवर हसली. अर्धंच तोंड हसलं.

सिस्टरनी खोक्यातून राखाडी रंगाचे दोन हातमोजे काढले. कोपरापर्यंत येणारे. कापड विणलेलं होतं म्हणून मला ते लगेच उमगलं. उभा धागा साधा. आडव्या धाग्यात मात्र एक असा की बारीकशी वीज सोडली की तो आखडतो, बंद केली की सैल होतो, माणसाच्या स्नायूसारखा. असे हजारो धागे. बोटांच्या पेरांवर दाब आणि ऊब ओळखणारे ठिपके. सिस्टरनी समजावून सांगितलं की दवाखान्यातून घरी गेलेले कितीतरी पेशंट महिन्याच्या आत परत येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा आजार वाढलेला नसतो. घरच्यांना कूस बदलायला जमत नाही, पाठीला जखमा होतात. नळीतून दिलेली पेज छातीत जाते. घरच्यांना दोन दिवसांत नर्स करता येत नाही आणि घरोघरी पाठवायला नर्सा नाहीत. म्हणून नर्सच्या हातांची नोंद घेतली. अनुभवी नर्सनं मोजे घालून शेकडो वेळा पेशंटची कूस बदलली, पाठ पुसली, नळी धुतली. कोणत्या क्षणी कोणत्या बोटानं किती जोर लावला ते सगळं साठवलं. आता मी मोजे घातले की धागे त्या नोंदीप्रमाणे आखडणार आणि माझे हात तसेच चालवणार. पेशंटचं अंग जड लागलं किंवा ताठरलं तर ठिपक्यांना ते कळतं, आणि त्या वेळेला जुळणारी हालचाल नोंदीतून उचलली जाते.

"म्हणजे जॅकार्डचा माग," मी म्हणालो. "पट्टीवरची भोकं सांगतील तसं तो धागं उचलतो. फूल पडतं. पण मागाला फूल ठावं नसतंय."

सिस्टर हसल्या. "ह्यातली पट्टी माझी हाय, मामा. माझ्याच हातांची नोंद. एकशे चाळीस घरांत माझे हात फिरायलेत. माझ्या घरात भांडी घासायला मात्र दोनच."

मग त्या गंभीर झाल्या. मोजे बेचाळीस दिवसांसाठी मिळणार होते. तेवढ्यात मी शिकायचं. बेचाळिसाव्या दिवशी त्या स्वतः येऊन बघणार, आणि मला मोज्यांशिवाय जमत नसलं तर शालनला सांगलीजवळच्या शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागणार. तिथं एका हॉलमध्ये साठ खाटा होत्या. आठवड्यातून दोनदा भेट.

"कांडी," शालन म्हणाली आणि चांगल्या हातानं माझी बाही धरली.

"नेत न्हाई तुला तिकडं," मी म्हणालो.

घरी उंबऱ्यात शालनची थोरली बहीण उभी होती. छबुताई, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. कुरुंदवाडहून मदतीला येऊन राहिली होती. शालनचे मोकळे हात बघून ती जागेवरच थांबली. दवाखान्यात पहिल्याच दिवशी बांगड्या कापून काढल्या होत्या.

"मोकळ्या हातानं सवाष्ण आत आणताय व्हय, दाजी? त्या नर्सीला न्हाई कळत, तुमास्नी तरी कळतंय का न्हाई?"

"नर्सीचं काय चुकलं त्यात?"

"काय बी चुकलं न्हाई. बसा गप."

गल्लीतल्या कासाराला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं ॲम्ब्युलन्सच्या दारातच दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला. उजव्या हाताला काही जाणवत नव्हतं, त्या हाताकडं शालन दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी बघत होती. सिस्टरनी अंगठ्या आणि जोडवी काढून ठेवा म्हणून सांगितलं होतं. बांगड्यांचं नाव घेतलं नव्हतं. दवाखान्यात बांगड्या कुणाच्याच हातात नसतात, त्यामुळं त्यांच्या ते मनातच आलं नसावं.

मोजे चालवणारा खोका भिंतीवर लावला. त्यातून बाईचा आवाज यायचा, "आता डावी कूस." मी मोजे घालून शालनच्या खांद्याखाली हात घातले आणि माझे हात मला विचारल्याशिवाय निघाले. एक तळवा मानेमागं, एक कमरेखाली, गुडघा दुमडला, आणि ती अलगद वळली. उशी पाठीला लागली. मग बोटं ठरलेल्या आठ जागांवर फिरली. टाचा, घोटे, कोपर, माकडहाड. तिथं ऊब जास्त आहे का ते मोजे बघत होते.

"अगं बाई!" आक्का म्हणाली. "कसं फुलागत उचलाय लागलायसा! चाळीस वर्षांत कधी असं उचललं हुतंसा का?"

"तवा ती पळत हुती. उचलायची काय गरज?"

आम्ही हसलो. शालन हसली नाही. तिनं माझ्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं, मग डोळे मिटून घेतले.

दिवस मार्गी लागले. पुण्याहून लेक प्रतीक्षा रोज फोनवर बघायची. "बाबा, तुम्ही तर ट्रेंड नर्स झालात! मी उगाच घाबरत होते." मलाही बरं वाटायचं. खरं सांगायचं तर काम फार सोपं झालं होतं. हात आपोआप चालायचे, त्यामुळं मी टीव्हीवर मॅच लावायला लागलो. हात तिची पाठ पुसत असायचे आणि मी मॅचमध्ये असायचो. शालन चांगल्या हातानं माझ्या मनगटावरचा मोज्याचा पट्टा ओढायची. रोज. "कांडी, कांडी." मी म्हणायचो, "असूंदे गं, हुतंयच आता." मला वाटायचं तिला मोज्यांचा खरखरीत स्पर्श आवडत नसेल.

विसाव्या दिवशी वीज गेली. खोक्याची बॅटरी मी चार्ज करायला विसरलो होतो. मोजे मेल्यासारखे लोंबले. मी ते काढून ठेवले आणि शालनला वळवायला गेलो, तर हात कुठं घालायचा तेच सुचेना. वीस दिवसांत दोनशेच्या वर वेळा मी ते केलं होतं. खांदा धरला तर कंबर मागं राहिली. कंबर ओढली तर मान लटकली. शालन कण्हली. आक्का धावत आली आणि आम्ही दोघांनी कशीबशी तिला वळवली, पण चादर तिच्याखाली गोळा झाली.

मी सिस्टरना फोन लावला. "मला काहीच आलं न्हाई, सिस्टर."

"यायचं न्हाईच तसं," त्या म्हणाल्या. "पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं की अक्षर छान येतंय. हात सोडला की पाटी कोरी. हात मोजे चालवत्यात तवा डोकं झोपतंय, मामा. चुकल्याबिगर डोकं शिकत न्हाई. दिवसातनं दोन वेळा मोजे काढा आणि चुका."

"तिला दुखतंय."

"थोडं दुखणार."

मी एक दिवस केलं. तिचं ते कण्हणं मला ऐकवेना. दुसऱ्या दिवशी मी परत मोजे घातले. मोज्यांत ती कण्हत नव्हती. अजून वीस दिवस आहेत, बघू, असं मी स्वतःला म्हणालो. बेचाळिसाव्या दिवसाचा विचार आला की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

सव्विसाव्या दिवशी दुपारी मॅचची शेवटची ओव्हर चालू होती. खोका म्हणाला, "आता उजवी कूस." हात निघाले. शालन वळत असताना मला कट् असा आवाज आला.

कारखान्यात अठ्ठेचाळीस माग एकदम चालायचे. त्या गोंगाटात कुठल्या मागावर धागा तुटला ते मी पाठमोरा उभा राहून सांगायचो. माझ्या कानांची तशी ख्याती होती. त्या दुपारी तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला आणि मी मान वळवली नाही. मोज्याचा काहीतरी खटका असेल असं वाटून घेतलं. शेवटच्या तीन चेंडूंत आठ रन हवे होते.

एकतिसाव्या दिवशी सकाळी तिचं अंग तापलं. खोक्यानंच दवाखान्याला कळवलं. पाऊण तासात ॲम्ब्युलन्स आली. शालनला साखरेचा आजार जुना होता, त्यामुळं काय झालं असेल ते मिरजेत कुणी विचारत बसलं नाही, सगळं अंग तपासलं. उजव्या खांद्याच्या पात्याखाली जखम होती. वरून एवढीशी, आत पू भरलेला. जखमेतून गव्हाच्या दाण्याएवढी हिरवी काच निघाली. पाच दिवस ती काच कपड्याच्या चुणीत, तिच्या अंगाखाली होती. तिला जाणवली नाही. दर दोन तासांनी मी तिला त्या काचेवर आणून अलगद ठेवत होतो. मोज्यांनी आठ जागा बघितल्या. खांद्याच्या पात्याखालची जागा त्या आठांत नव्हती, कारण तिथं त्या मानानं जखमा कमी होतात.

वॉर्डाच्या बाहेर बाकावर आक्का माझ्याशेजारी येऊन बसली. पदर तोंडाला लावलेला.

"दाजी, बांगडी वाढली हुती. म्या तुमास्नी सांगितलं न्हाई."

मी तिच्याकडं वळलो.

"आजारी बाईची बांगडी अशी जाणं नवऱ्याच्या जिवाला वंगाळ. तुमी आधीच खचल्याला. म्हटलं कशाला जिवाला घोर लावायचा. तुमी जेवाय बसल्यावर सगळं तुकडं येचलं आन नवी बांगडी चढवली. सगळं येचलं असं वाटलं मला. डोळ्याला दिसत न्हाई आता नीट."

"असूंदे, आक्का," मी म्हणालो. त्या वेळी तिला तेवढंच सांगितलं. माझ्या कानांवर आलेला आवाज तिला सांगितला नाही. ती रडत होती आणि मी तिला रडू दिलं.

सिस्टर नसीमना मी संध्याकाळी भेटलो. त्या ड्युटी संपल्यावरही गेल्या नव्हत्या. टेबलावर मोजे पडले होते आणि पडद्यावर त्यांच्याच हातांची नोंद परत परत चालू होती. त्यांनी ती थांबवली.

"बघा मामा, हिथं," त्या म्हणाल्या. "मी वॉर्डात पेशंटला वळवायच्या आधी चादरीवरनं तळवा फिरवते. चुणी असती, सुईचं टोपण असतं, बिस्किटाचा चुरा असतो. वीस वर्षं फिरवते. मला ते माहीतबी नव्हतं इतकं अंगवळणी पडलंय." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "नोंद घ्यायच्या खोलीत दर वेळी इस्त्रीची चादर घालायचे. तिथं माझा हात फिरला न्हाई. बघा, एकदाबी न्हाई."

"तुमचा काय दोष त्यात."

"तसं म्हणू नका," त्या म्हणाल्या. "एकशे चाळीस घरं हायत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वरिष्ठांशी भांडून सगळ्या घरांतले मोजे बंद करायला लावले. दोन दिवस लोकांनी फोनवरून त्यांना वाटेल ते सुनावलं. एका बाईनं विचारलं, माझ्या सासऱ्याला आता काय तुमचा बाप वळवणार का? तिसऱ्या दिवशी नवी नोंद झाली. हल्ली कुणाच्या घरी ते मोजे बघितलेत तर लक्षात येईल, कूस बदलायच्या आधी तळवा चादरीवरून फिरतो, आणि बांगड्या मनगटापासून मागं सारल्या जातात. ते शालन लोलेमुळं आहे, हे मोजे घालणाऱ्यांना माहीत नसतं.

शालनच्या रक्तात विष पसरलं होतं. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि पुण्याहून आलेल्या प्रतीक्षाला खोलीत बोलावलं. मूत्रपिंडं बंद पडत होती. यंत्रावर ठेवता येईल, पण त्यानं ती बरी होणार नाही. आठवडा, फार तर दहा दिवस. "इथं ठेवायचं की घरी न्यायचं, ते तुम्ही ठरवा. घरी न्यायचं असेल तर मोजे परत मिळतील."

"घरी न्यायचं," मी म्हणालो. "मोजे नकोत."

बाहेर आल्यावर प्रतीक्षा माझ्यावर ओरडली. "बाबा, आता ते सुधारलेत! चादर बघतात, सगळं बघतात. तुमच्या हातून परत काही चुकलं तर? वीस दिवसांनी तुम्हाला आईला वळवता येत नव्हतं, आक्कानं सांगितलंय मला."

"चुकंल."

"चुकंल म्हणजे? आईला त्रास होणार त्याचा!"

तिचं बरोबर होतं. मला तिला नीट सांगता येईना. शेवटी म्हणालो, "एकतीस दिवस तुझी आई माझ्या हाताखाली हुती, आन मी तिला एकदाबी हात लावला न्हाई. ती रोज मोज्याचा पट्टा ओढत हुती. आता ओढायची ताकद न्हाई तिच्यात."

"तिला कळतंय तरी का आता कोण वळवतंय ते?"

"ते मला ठावं न्हाई."

प्रतीक्षा भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मी रजा वाढवते. पण तिला दुखलं तर मी मोजे मागवणार. तुम्ही काही बोलायचं नाही."

"न्हाई बोलत."

दुसऱ्यांदा घरी आणलं तेव्हा सिस्टर नसीमही आल्या. दोन दिवसांची रजा टाकून, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. पहिल्यांदा मी त्यांना ओळखूच आलो नाही. म्हणाल्या, "मामा, दाढी करा आधी. पेशंटनं बघायचं असतंय तुमच्याकडं."

त्यांनी मला करून दाखवलं नाही. माझ्या मागं उभ्या राहून म्हणाल्या, "करा." मी चुकलो की मनगटावर टिचकी. "खांदा न्हाई, पात्याखाली. पाना फिरवायला आलायसा का?" माझ्या तळव्यांना इतके घट्टे आहेत की तिच्या कातड्याची ऊब मला कळेना. दोनतीनदा प्रयत्न केला. मग आठवलं, मागाचं बेअरिंग तापलंय का ते जॉबर तळव्यानं बघत नाही, हाताच्या उलट्या बाजूनं बघतो. मी तसं केलं. माकडहाडापाशी बोटांची उलटी बाजू टेकली आणि म्हणालो, "इथं जरा गरम हाय."

सिस्टरनी हात लावून बघितला. "हाय," त्या म्हणाल्या. "हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

पहिल्या दुपारी नळीतून पाणी देताना माझ्या हातून सिरिंज निसटली आणि सगळं पाणी तिच्या मानेवर, उशीवर. मी घाबरून पुसायला लागलो.

"कांडी!" शालन म्हणाली.

आवाज बारीक होता, पण तो शिवी घातल्याचा सूर होता. मी चहात साखर जास्त टाकली की, नवीन चपला पावसात घातल्या की ती ज्या सुरात बोलायची तोच. इतक्या दिवसांत त्या सुरात ती मला पहिल्यांदा बोलली. प्रतीक्षा दारात उभी होती, ती हसायला लागली आणि हसता हसता आत निघून गेली. तिनं मोजे मागवले नाहीत.

ती कण्हली नाही असं नाही. पहिले दोन दिवस कण्हली. मी थांबायचो, परत हात घालायचो, दुसरीकडून. ती चांगल्या हातानं माझा अंगठा धरून ठेवायची, त्यामुळं मला एकाच हातानं काम करावं लागायचं, आणि सिस्टर म्हणायच्या, "मामी, सोडा की, त्यांना दोन हात लागत्यात." ती सोडायची नाही. मी एका हातानं शिकलो. तिसऱ्या दिवशी सिस्टर मिरजेला परत गेल्या. जाताना दारातून मला कूस बदलताना बघत उभ्या राहिल्या, आणि मी वर बघितलं तेव्हा गेलेल्या होत्या.

त्याच दिवशी मी आक्काला सांगितलं. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. शालनला वळवायच्या आधी मी चादरीवरून तळवा फिरवला, ते बघून आक्काचे डोळे भरून आले. मला ते सहन होईना.

"आक्का, मी आवाज ऐकला हुता."

"कसला?"

"बांगडीचा. त्या दुपारी. स्वच्छ ऐकला. मी वळून बघितलं न्हाई."

तिची बोटं ताटात थांबली. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "का?"

"मॅच चालू हुती."

"कोण जिकलं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. "आठवत न्हाई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि परत तांदूळ निवडायला घेतले. त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस फार बोलली नाही. पण माझं ताट वाढायची, आणि मी शालनला वळवत असलो की गुपचूप येऊन उशी धरायची.

चौथ्या दिवसापासून शालन झोपेतच राहायला लागली. अंगठ्यावरची पकड सैल झाली. आणि त्याच दिवशी माझे हात शिकले. का आणि कसे ते मला सांगता येणार नाही. मानेमागं तळवा गेला, कंबर आपोआप बरोबर आली, आणि ती वळली. आवाज न करता. मी तिथंच उभा राहिलो. कुणाला सांगावं ते सुचेना. तिला सांगितलं, "बघ, जमलं." ती झोपेत होती.

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, मी तिला उजव्या कुशीवरून सरळ करत असताना तिचा श्वास लांब झाला, मग आणखी लांब. मी प्रतीक्षाला हाक मारली. ती आली तोवर पुढचा श्वास आला नाही. माझा हात अजून तिच्या मानेखाली होता.

गल्लीतल्या बायका जमल्या. अंघोळीचं पाणी तापलं. दाराला चादर लावली. आमच्याकडं बाईची शेवटची अंघोळ बायका घालतात, पुरुषांनी बाहेर बसायचं. बाहेर माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. मी बसलो नाही.

"दाजी, चला बाहेर," आक्का म्हणाली.

"तिला वळवतो आन जातो."

एक म्हातारी म्हणाली, असं चालत नसतंय. आक्का तिच्याकडं वळून म्हणाली, "चालतंय." प्रतीक्षानं चादर बाजूला करून मला आत घेतलं.

मी शालनला वळवलं. दुखत नसतानाही हलक्यानंच. बायका बघत होत्या, पण मला त्यांची लाज वाटली नाही. मी तिच्या टाचा बघितल्या, घोटे बघितले, कोपर, माकडहाड. बोटांची उलटी बाजू लावून बघितलं, आता ऊब कुठंच नव्हती तरी. खांद्याच्या पात्याखालची ती जखम सोडली तर पाठ कोरडी होती. सहा दिवसांत कुठं लाली आली नव्हती, कातडं कुठं फाटलं नव्हतं. माकडहाडापाशी जिथं मला गरम लागलं होतं तिथंही नाही.

आक्कानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोडा आता तिला, दाजी. पाणी निवायलंय."

"डावी बाजू बघायची ऱ्हायलीय," मी म्हणालो.

सगळ्याजणी थांबल्या. मी तिला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि तीही बघितली.